निळ्या काठाची बाईसाहेब

शहरातल्या जुन्या बागेच्या हेडमाळ्याने जन्मात एकच लबाडी केली, आणि तीही तोंड न उघडता.

बाग दोनशे वर्षांची, पण तिच्या मूळच्या गुलाबाचं एकच खोड जगलं होतं. माळ्याने त्याच्याच फांद्यांवरचे डोळे भरून, म्हणजे कलमं करून, अकरा रोपं तयार केली. पोटच्या मुलींना कधी शाळेत सोडायला गेला नाही हा माणूस, पण रोपांना थंडी बाधू नये म्हणून रोज संध्याकाळी काठ्या रोवून त्यांच्यावर घरच्या जुन्या चादरी पांघरायचा.

एकदा चेंडू शोधायला आलेली पोरं त्या चादरी बघून किंचाळत पळाली. दुसऱ्या दिवसापासून वाफ्याकडे चेंडू नाही, कुत्री नाहीत, जोडपी नाहीत. कुणी विचारलंच, "काका, तिथे काही आहे का हो?" तर माळी नुसता आभाळाकडे बघायचा.

देवाला मुकी लबाडीही ऐकू येते. इतिहासाचे एक निवृत्त मास्तर लोकांना बाग दाखवत हिंडायचे. त्यांनी या भुताला घराणं मिळवून दिलं. बागेच्या पहिल्या मालकाची बायको म्हणे नवऱ्याची वाट बघता बघता इथेच गारठून गेली. मग काय, भिऊन पळाली होती चार पोरं, बघायला येऊ लागली दीडदोनशे माणसं. जो तो वाफ्यात पाय रोवून फोटो काढायचा. महिन्याभरात चार रोपं तुडवली गेली.

एके दिवशी माळ्याची बायकोही घोळक्यात शिरली. मास्तर रंगात आले होते. "पांढरा झगा, आणि त्याला निळा काठ…"

"अहो मास्तर, ही तर आमच्या पलंगावरची चादर! धुऊन धुऊन विटली म्हणून मीच यांना दिली."

लोक खो खो हसले. मास्तर हळूच म्हणाले, "घरच्यांवर दबाव असतो."

घरी आल्यावर तिने नवऱ्याला फैलावर घेतलं. "उठल्याबसल्या देवाचं नाव घेता आणि लोकांना फसवता?"

"मी एक शब्द तरी बोललो का?"

"तेच तर! आता बोला."

माळी बोलला. येईल त्याला चादर उचलून दाखवली. "भूत नाही, रोपं आहेत, पाय जपून ठेवा." तो जितकं खरं सांगू लागला, तितकी गर्दी वाढली. शेवटी तो बागेच्या साहेबांकडे गेला.

"साहेब, तिथे भूतबित काही नाही."

"हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"सगळ्यांना."

"विश्वास ठेवला कुणी?"

"नाही ना!"

"मग हरकत नाही."

"निदान कुंपण तरी घालू द्या."

"भुताला कुंपण? मग लोक बघणार काय?"

आता उरली होती सात रोपं, आणि नवे डोळे भरावेत तर मूळ खोडही एव्हाना वाळलं होतं. माळ्याने कुदळ घेतली आणि भर सकाळी, सगळ्यांदेखत, एकेक रोप मातीच्या गड्ड्यासकट खणून काढलं. भोवती हां हां म्हणता लोकांचं कडं जमलं.

"हाडं सापडली का?"

"मुळं सापडली."

"कुणाची?"

"गुलाबाची."

"बघा, किती जपून बोलतोय!"

कुजलेल्या पाल्याच्या खड्ड्यामागे, जिकडे वास येतो म्हणून कुणी फिरकत नाही, तिथे त्याने रोपं लावली. मोकळ्या वाफ्यातले सात खड्डे मास्तरांना आयतेच मिळाले. त्यांची गोष्ट पंधरा मिनिटांनी लांबली.

थंडी सरल्यावर सातही रोपं फुलली. एक दिवस वाट चुकलेली एक बाई नाकाला रुमाल लावून तिथवर आली.

"काका, भुताची जागा कुठे?"

"गर्दी दिसतेय ना, तिथे. पण ताई, भूत नाही हो तिथे."

"तुम्हाला असंच सांगावं लागत असेल," बाई समजूतदारपणे म्हणाली आणि फुलांकडे ढुंकूनही न बघता निघून गेली.

माळ्याने मनोमन देवाचे आभार मानले.