आगाऊ फेडलेला नवस

वडखळ नाक्यावर गाडी थांबवायला लावली ती आईनं. विमानतळापर्यंत कुणी यायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून आई-बाबा नाक्यावर उतरले. बाबांनी माझी बॅग उगाचच एकदा उचलून पाहिली आणि परत ठेवली. आई खिडकीशी वाकून म्हणाली, "पोचलीस का फोन कर. आन पास झालीस का लगेच कर, मग टाइम कायपन असू दे." पोचणं आणि पास होणं तिच्या लेखी एकाच रस्त्यावरचे दोन थांबे होते, एकापुढं दुसरा यायचाच. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. गाडी पेणकडं वळली आणि मागं बघायचं राहूनच गेलं.

आमचं गाव खाडीच्या कडेला. बाबा मिठागरात कामाला होते, त्यांच्या पायांच्या भेगा पावसाळ्यातसुद्धा भरायच्या नाहीत. मी नर्सिंग केलं आणि रोज एसटीनं नागोठण्यावरून रोह्याला, एका खाजगी दवाखान्यात जाऊ लागले. कंपनीत शिफ्टला भाजलेली माणसं, भाताच्या दिवसांत साप चावलेली माणसं, पहिलटकरणी, सगळं पाहिलं. गावात माझं नाव मागं पडलं, मी 'सिस्टर' झाले. आईसुद्धा चारचौघांत म्हणायची, "आमची सिस्टर आली बघा." मला ते आवडायचं. फार आवडायचं.

मग एजंट भेटला. मस्कतला घरी म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची, तिथंच लायसन्सची परीक्षा द्यायची, पास झालं की मोठ्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स. माझ्याबरोबर शिकलेल्या दोघी असंच करून गेल्या होत्या आणि पहिल्या फटक्यात पास झाल्या होत्या. मी काही त्यांच्यापेक्षा कमी नव्हते, असं माझं मत.

ज्या घरी लागले तिथली म्हातारी अंथरुणाला खिळलेली. घरचे तिला 'मामा' म्हणतात, म्हणजे आई. आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, त्यामुळं सुरुवातीला मला दर हाकेला हसू यायचं. मी तिला कुशीवर वळवते, भरवते, पुसते, डायपर बदलते. इंजेक्शन मात्र मी द्यायचं नाही. माझ्या कार्डावर मदतनीस लिहिलंय. इंजेक्शन द्यायला एजन्सीची पोरगी येते, माझ्यापेक्षा बरीच लहान, आणि तिनं शीर शोधेपर्यंत मी म्हातारीचा हात धरून उभी राहते. शीर कुठाय ते मला दिसत असतं.

परीक्षा कॉम्प्युटरवर. प्रश्नांचे कपडे वेगवेगळे, आत प्रश्न एकच: सर्वात आधी काय कराल? चार उत्तरं, चारही करायचीच असतात, पण आधी कुठलं? परीक्षा वाईट होती असं मी म्हणणार नाही. माझं इंग्रजी हळू चालतं, प्रश्न कळेपर्यंत घड्याळ पुढं गेलेलं असतं, आणि एकदा उत्तर दिलं की ते बदलावंसं वाटायला लागतं. पहिल्यांदा नापास झाले तेव्हा बाथरूममध्ये नळ सोडून रडले. दुसऱ्यांदा रडू आलं नाही, नुसती भूक मेली. पुस्तक उघडलं की नुसती अक्षरं दिसायची. कुठं चुकलं ते कुणी सांगत नाही. पडद्यावर एक शब्द येतो आणि खुर्ची मागं सारून उठावं लागतं, कारण बाहेर पुढचा बसलेला असतो.

आईनं गावात सांगितलं, "निकाल राखून ठेवलाय." दहावीला बोर्ड ठेवतं तसा. गावाला ते पटलं.

तिसऱ्या खेपेच्या आधी आईनं एक गोष्ट केली. तिनं नवस बोलला होता की पोर पास झाली तर साखरचौथीचा गणपती आणीन. आमच्याकडे भाद्रपदातला मोठा गणपती गेल्यावर संकष्टीला नवसाचे गणपती येतात. चंद्र उगवला की पूजा, दीड दिवसानं विसर्जन. आता नवस म्हटला की आधी काम, मग देव. पण दोनदा वाट बघून आईचा धीर सुटला. ती पेणला गेली, मूर्ती सांगून आली आणि परीक्षेच्या आधीच गणपती घरात बसवला. मला फोनवर म्हणाली, "मी आगाऊ आनला. आता त्याला भीड पडंल."

मी हसले. मग परीक्षा दिली आणि तिसऱ्यांदा नापास झाले. चौथ्यांदा बसू देतात का, हे विचारायची ताकद उरली नव्हती. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जेवलीस का?"

खरी गंमत पुढं झाली. तिला गंमत म्हणायचं तर म्हणा. नवसाचा गणपती आला म्हणजे नवस पुरा झाला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. सगळं गाव धरून चाललं की सिस्टर पास झाली. कुणी काही विचारलंच नाही, तर आई सांगणार कुणाला? बायका आरतीला आल्या, साखर खाल्ली, आईला म्हणाल्या, "सोनं झालं गो तुझ्या पोरीचं." आणि एकदा आणलेला गणपती मध्येच थांबवायचा नाही, असं जाणते सांगतात, म्हणून आई दर वर्षी आणू लागली. मी मस्कतमध्ये म्हातारीचे डायपर बदलत होते आणि गावात माझ्या पास होण्याचा गणपती बसत होता.

मी तसंच चालू दिलं असतं. पण शेजारच्या काकीची प्रणाली नर्सिंग संपवून त्याच एजंटकडं जायला निघाली, माझं नाव सांगत. त्या वर्षी मी साखरचौथीला सुट्टी काढून घरी आले. प्रणालीला आमच्या ओटीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. जायचं तर जा, पण इंग्रजी पक्कं करून जा, परीक्षा इथूनच देऊन जा, नाहीतर माझ्यासारखी अडकशील. ती मान डोलवत होती. थोड्या वेळानं काकी आली.

"माज्या पोरीचं नशीब कशाला मोडतेस गो? सोता गेलीस, आता दुसऱ्याला नको?"

"काकी, मी पास नाय झाले. तीनदा नापास झाले."

"मग ह्यो गणपती कसला?"

आई आतून प्रसादाचं ताट घेऊन आली होती. ती म्हणाली, "मी आगाऊ आनलाय."

काकी हसली. "आगाऊ नवस कोन फेडतो? देवाला तरी सोडा."

माझं आयुष्यातलं सगळ्यात खरं बोलणं त्या ओटीवर खोटं ठरलं. आईनं ताट तसंच आत नेलं. मी जाईपर्यंत ती माझ्याशी पोळी-भाजीपुरतंच बोलली. निघताना एवढंच म्हणाली, "निकाल राखून ठेवला व्हता तेच बरं व्हतं."

प्रणाली गेली, दुबईला. पहिल्या खेपेला नापास झाली आणि मला फोन केला. घरी सांगितलं नाहीये, म्हणाली. मी तिला सांग म्हणाले नाही.

जे मागं राहतात त्यांना वाटतं, गेलेली पोर परत येईल तेव्हा घर तिथंच असेल. आणि जे जातात त्यांनाही तेच वाटतं. यंदा साखरचौथीला आमच्या आरतीला कुणी आलं नाही. काकी येत नाही, मग आळीतल्या बायकाही येत नाहीत. आईनं व्हिडिओ कॉल लावून फोन गणपतीसमोर पाटावर उभा करून ठेवला. बाबांना आता उभं राहवत नाही, ते खुर्चीत झांजा घेऊन. मी इथं मस्कतला स्वयंपाकघराचं दार लावून टाळ्या वाजवू लागले. पण फोनवर माझा आवाज तिकडं उशिरा पोचतो, आरती सारखी मोडत होती.

मग माझ्या लक्षात आलं, आई दर ओळीनंतर थांबत होती. माझी ओळ तिथं येऊन पोचेपर्यंत हातातलं निरांजन तसंच धरून उभी राहायची, आणि मगच पुढची ओळ घ्यायची.