तांडेलाची लँडमास्टर

कमलाकांतचा उजवा हात मनगटापासून पार कोपरापर्यंत सुजला होता, आणि तो हात चंद्रकांताबाईंच्या डोळ्यांपुढून हलेना. बंद पडलेली गाडी सुरू करायला पुढून हँडल मारताना ते उलटं फिरून मनगटावर बसलं होतं. काशीबाईने, त्याच्या बायकोने, आंबेहळदीचा लेप लावून वर जुनं फडकं गुंडाळलं होतं. "मोडला नाय, बाई. नुसता मुरगळलाय," असं तो हसून सांगत होता. बाईंना मात्र हसू येत नव्हतं. शालूला आठवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण, म्हणून लेक माहेरी मुरब्याला आलेली. वेळ आली की तिला पालघरच्या दवाखान्यात न्यायचं ते याच गाडीतून, याच हातांच्या भरवशावर. गावात दुसरी मोटार नव्हती.

शालूच्या सासूबाईंनी पार्ल्याहून निरोप धाडला होता की इथे डॉक्टर दोन घरं सोडून आहेत, काय ते लवकर ठरवा. शालूला जायचं नव्हतं. बाईंचे यजमान, गावच्या शाळेचे हेडमास्तर, वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, "तू म्हणशील तसं." म्हणजे सगळं बाईंवर आलं. पाठवावी तर पोर रडत जाणार, ठेवावी तर ऐन वेळी गाडी चालू होणार नाही. बाई रोज एकदा पाठवायचं ठरवत आणि एकदा ठेवायचं.

गाडीचं दुखणं चमत्कारिक होतं. दिवसभर बोईसर स्टेशन ते तारापूर अशा खेपा करायची, कुठे अडायची नाही. संध्याकाळी मांडवाखाली उभी केली आणि दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवली, की नुसती 'कट' म्हणून गप्प. दिवे लावले तर निखाऱ्यासारखे लाल. बॅटरीतली सगळी वीज रातोरात गेलेली. आणि हेही रोज नाही. एखाद्या दिवशी पहिल्या किल्लीला सुरू व्हायची, म्हणून तर जास्त भीती. बोईसरचा मिस्त्री म्हणाला होता, "बॅटरी मर गयी, तांडेल. नयी डालो." नवी घातली. चार दिवसांत तीही तशीच.

कमलाकांतला सगळे तांडेल म्हणत, कारण तो तांडेलच होता. भावांच्या मोठ्या होडीचं सुकाणू त्याने तरुणपणापासून धरलं होतं. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या, होडी धाकट्यांकडे गेली. कमलाकांत काही दिवस किनाऱ्यावर जाळी शिवत बसला, आणि मग घोलवडच्या एका इराणी चिकूवाल्याकडून ही जुनी लँडमास्टर घेऊन आला. तारापूरला विजेच्या कारखान्याचं काम निघालं होतं. एरवी बोईसर स्टेशनाबाहेर गवताच्या गंजी आणि दोन टांगे, एवढाच देखावा असायचा. आता आगगाडीतून साहेब उतरत, कुणी मद्रासचे, कुणी सातासमुद्रापलीकडचे, आणि टोपीखालून इकडेतिकडे बघत. कमलाकांत त्यांच्या बॅगा उचलायचा, मागचं दार उघडायचा आणि समोरच्या कच्च्या रस्त्याकडे बघून म्हणायचा, "बसा साहेब. वारा चांगला हाय."

गाडी त्याने होडीसारखीच सांभाळली. नारळी पुनवेला तिच्या नाकावर नारळ वाढवला. तिला उभी करायची ती वाऱ्याकडे तोंड करून. मागच्या सीटवर मासळीची पाटी ठेवायला मात्र सक्त बंदी, साहेबांना वास येतो म्हणून. काशीबाई पाटी डोक्यावर घेऊन बाजारात जायची आणि वाटेत गाडी भेटली की मोठ्याने म्हणायची, "बघा, राजाची सवारी चालली. राणी पायी."

चंद्रकांताबाईंना मात्र गाडीआधीचा कमलाकांत जास्त आठवे. बी.ए. होऊन, लग्न करून त्या पहिल्यांदा मुरब्याला आल्या त्या सातपाटीकडून, खाडी ओलांडून. होडीत बसायची भीती वाटत होती. वल्ह्यावरचा काळासावळा मुलगा, म्हणजे हाच, त्यांच्याकडे न बघता म्हणाला होता, "नवऱ्या मुलीने पाण्याकडे बघू नये. मास्तरांकडे बघावं." सगळी होडी हसली होती. आणि नंतर शालूच्या वेळी दुपारीच कळा सुरू झाल्या, तेव्हा खाडी पार ओसरलेली, मधे नुसता चिखल. बायका म्हणाल्या, भरतीची वाट बघू. कमलाकांतने बाईंना लहान होडीत निजवलं, दोन खलाशी घेतले आणि मांड्यांपर्यंत चिखलात उतरून होडी पाण्यापर्यंत ओढत नेली. बाई आडव्या होत्या. त्यांना दिसत होतं फक्त आभाळ आणि होडीच्या काठावर घट्ट धरलेली त्याची बोटं. शालू पालघरच्या दवाखान्यात सुखरूप जन्मली. त्या गोष्टीचा त्याने पुढे कधी उल्लेखही केला नाही.

हात सुजला त्याच दिवशी दुपारी मिस्त्रीचा निरोप आला. कारखान्याच्या ट्रकांमुळे त्याला यायला सवड नव्हती, पण त्याने एक छोटा बल्ब आणि दोन वायरी पाठवल्या होत्या आणि काय करायचं ते सांगितलं होतं. गाडीतलं सगळं बंद करायचं, बॅटरीची एक वायर सोडायची आणि मधे हा बल्ब जोडायचा. पेटला नाही तर गाडी चांगली. पेटला तर वीज कुठेतरी जातेय.

कमलाकांतचा एक हात निकामी. म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच, दव अजून ओलं असताना, चंद्रकांताबाई स्वतःच पदर खोचून बॉनेटवर वाकल्या. शालू बाजूला खुर्चीवर बसली, दोन्ही हातांच्या ओंजळीत बल्ब धरून, उजेडात तो नीट दिसावा म्हणून.

"दिवे बंद? किल्ली काढलीस?"

"सगळं बंद हाय, बाई."

शालूने ओंजळीत डोकावून पाहिलं. "काका, पेटलाय. अगदी थोडा, लाल."

कमलाकांतचा चेहरा उतरला. रोज न्हाऊमाखू घातलेली गाडी झोपेत रक्त गाळत होती, आणि त्याला पत्ता नव्हता.

"आता त्या डबीतला फ्यूज काढा," तो म्हणाला. बाईंनी काढला. बल्ब तसाच. दुसरा काढला. तरी तसाच.

"बी.ए.ला हे नव्हतं हो आम्हाला," बाई घाम पुसत म्हणाल्या.

"मलाबी तांडेलकीत नवतं. म्हंजे चोर फ्यूजच्या अलीकडं बसलाय. एकेक वायर हलवून बघा, हळू."

बाई एकेक वायर बोटांनी हलवू लागल्या. मागच्या पत्र्यालगत जाडसर जुडगा होता, तो हलवला आणि शालू म्हणाली, "गेला. आई, विझला. आता परत आला." पुन्हा हलवला, पुन्हा तेच. बाईंनी जुडगा ओढून उजेडात आणला. एका वायरीवरचं विणलेलं कापड कुरतडलेलं होतं, आत तांब्याच्या तारा चमकत होत्या. त्यातलं एक टोक गंजलेल्या पत्र्याला घासत होतं. पुरतं टेकलं असतं तर वायर जळालीच असती. इथे दव पडून गंज ओला झाला की त्यातून वीज थोडीथोडी झिरपे, आणि कोरडी रात्र असली की गाडी शहाण्यासारखी वागे.

"उंदीर," बाई म्हणाल्या. "पण इथेच का कुरतडावं त्यांनी? आणि बोटं कसली तेलकट झाली माझी?"

काशीबाई इतका वेळ मांडवाच्या खांबाला टेकून सुपारी कातरत होती. ती पुढे आली, बाईंचा हात नाकाशी नेला, माशाचा वास ओळखला आणि नवऱ्याकडे वळली.

"मुशीचं तेल लावलंय काय?"

कमलाकांत हातावरचं फडकं नीट करू लागला.

"अवो, इचारते मी. होडीला लावता ते तेल गाडीच्या वायरींना फासलं?"

"पावसाच्या तोंडावर लावलं," तो खाली बघत म्हणाला. "खारं वारं खाईल वायरी, म्हणून. फळ्या इतकी वर्सं टिकल्या त्या तेलानं."

"मला पाटी ठेवू देत नाय मागं, नि पुढं आख्खी मुशी ओतून ठेवलीय," काशीबाई म्हणाली. "उंदरांना जेवणाचं आवताण दिलं तुमी. तरी म्हणते, आमची मांजर गाडीवरून उठत का नाय."

शालू पोट धरून हसायला लागली. "हळू ग," म्हणता म्हणता बाईही हसल्या. शेवटी कमलाकांतच्या मिशीखालीही काहीतरी हललं.

बाईंनी आणि काशीबाईने रॉकेलच्या बोळ्याने वायरी पुसून काढल्या. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने तेवढा तुकडा बदलून वर पट्टी गुंडाळली. त्यानंतर रोज सकाळी बाई अंगणात उभ्या राहून कान देत, आणि रोज गल्लीपलीकडून इंजिनाची घरघर ऐकू येई. भरपूर दव पडलेल्या दिवशीसुद्धा.

तरी बाईंचं मन थाऱ्यावर येईना. एक दुखणं सापडलं, दुसरं निघालं तर? एका सकाळी त्यांनी त्याला सरळच विचारलं. "कमलाकांत, खरं सांग. ऐन वेळी चालू होईल ना रे?"

त्याने बॉनेटवरून फडकं फिरवलं. "खात्री नाय देणार, बाई. होडीचीबी कधी दिली नाय. यंत्र हाय ते."

हे ऐकून बाईंना वाटलं, झालं, पाठवावीच पोरीला पार्ल्याला. त्या घरी आल्या आणि शालूची पेटी पलंगाखालून ओढली.

संध्याकाळी दाराशी घरघर झाली. बाई बाहेर आल्या तर लँडमास्टर त्यांच्याच दारात, शाळेच्या उतारावर, तोंड बोईसरच्या रस्त्याकडे करून उभी. मागच्या चाकाला कमलाकांत दगड लावत होता.

"इथे कशाला आणलीस?"

"आता रोज इथंच ठेवणार. किल्लीनं नाय चालू झाली तर दगड काढायचा. उतारानं धावली की गिअर टाकतो, चालू होते. बॅटरी असो नसो." त्याने हात झटकले. "आणि रस्त्यावर काय झालंच, तर धाकट्या भावाला सांगून ठेवलंय खाडीवर. लहान होडी पाण्याच्या कडेला राहील. ओहोटीबरोबर खाली सरकवायची, भरतीबरोबर वर. होडी एकटी नाय ठेवायची, कुणीतरी तिच्यापाशी राहील. पलीकडं सातपाटीला एक टांगेवाला हाय, तो पालघरला नेईल, त्याच्या कानावर घातलंय."

"हे सगळं कधी केलंस?"

"तुमी इचारलं ना सकाळी," तो म्हणाला. "खात्री देता येत नाय, म्हणून तर करायला लागतं."

बाई उतारावर उभ्या राहिल्या. किती तरी दिवस त्या खात्री मागत होत्या. ती पार्ल्याच्या डॉक्टरांकडेही नव्हती. चिखलातल्या त्या दुपारीही या माणसाने 'काही होणार नाही' असं म्हटलं नव्हतं. त्याने फक्त होडी ओढली होती.

त्यांनी आत जाऊन पेटी परत पलंगाखाली सरकवली. शालू उशाला टेकून बसली होती, पेटीकडे बघत होती.

"उद्या सकाळी मी कमलाकांतबरोबर बोईसरला जातेय," बाई म्हणाल्या. "पोस्टातून पार्ल्याला ट्रंक कॉल लावते."

"काय सांगणार?"

"तू इथेच राहतेस, म्हणून. आणि सासूबाईंना म्हणणार आहे, नातवंड बघायची घाई असेल तर त्यांनीच यावं. स्टेशनवर गाडी येईल."