कागदावर मेलेल्यांचा पत्ता

मनोहर मेश्राम पोस्टातून रिटायर झाले तेव्हा पांढुर्ण्यात बऱ्याच जणांना वाटलं, आता टपालाचे हाल होणार. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. आधी सायकलवर, मग मोपेडवर. जाम नदीच्या दोन्ही काठांवरच्या गल्ल्या, स्टेशनच्या मागची वस्ती, आठवड्यातून दोनदा तिगावकडची खेडी. पाकिटावर नुसतं 'शेवंताबाई, आटाचक्कीजवळ' लिहिलेलं असलं तरी ते बरोबर शेवंताबाईंच्याच हातात पडायचं, आणि गावात आटाचक्क्या होत्या सात. त्यांचा एक नियम होता. तीन घरी विचारल्याशिवाय 'माणूस सापडत नाही' असा शेरा मारायचा नाही. तिसऱ्या घरी कोणीतरी म्हणतंच, "अरे ते? ते तर सासुरवाडीले राहून राहिले ना दोन सालापासून."

रिटायर झाल्यावर दोन वर्षं त्यांनी घराची कौलं बदलली, अंगणात कढीपत्ता लावला, बायकोच्या कामात नाक खुपसलं आणि शेवटी कंटाळले. बायको प्रेमलता त्यांना चिडवायची, "नोकरी होती तं दिवसभर तोंड दिसत नव्हतं. आता दिवसभर दिसते, तं मीच कोठं जाऊ?"

अशा एका सकाळी मृणाल नावाची तिशीतली मुलगी दारात उभी राहिली. नागपूरच्या एका कॅन्सर संशोधन प्रकल्पात ती काम करत होती. आधी ती पोस्टात गेली होती. काही पत्ते सापडत नाहीत, असं तिनं सांगताच पोस्टमास्तर म्हणाले होते, "पत्ते आमच्याकडे आहेत, पण माणसं मेश्रामांकडे आहेत." पिशवीतून तिनं एक छापील यादी काढली. दोनशे अकरा नावं.

प्रेमलताबाईंनी चहा दिला. मृणालनं सांगायला सुरुवात केली. गेल्या पंधरा वर्षांत पांढुर्णा-सौंसर भागातून तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरसाठी सहाशे चाळीस माणसं नागपूरला गेली होती. त्यांच्या केसपेपरची, स्कॅनची, गाठीच्या तुकड्याच्या फोटोंची सगळी माहिती तिच्या टीमनं कॉम्प्युटरला शिकवली होती.

"शिकवली म्हणजे?" मनोहररावांनी विचारलं.

"म्हणजे कॉम्प्युटरला दाखवायचं, काका. या माणसाची गाठ अशी होती, वय एवढं, उपचार हे झाले, आणि तो पुढे इतकी वर्षं जगला. अशी हजारो माणसं पाहिली की त्याला ओळख येते. मग नवा पेशंट आला की तो डॉक्टरांना सांगू शकतो, याचा आजार उलटायची भीती जास्त आहे, याच्याकडे लवकर लक्ष द्या. त्यालाच एआय म्हणतात."

"मंग अडलं कुठं?"

"या दोनशे अकरा जणांपाशी. उपचार झाले, एकदोनदा तपासायला आले, आणि मग आलेच नाहीत. फोन लागत नाहीत. माझ्या आधी कोणीतरी या सगळ्यांपुढे 'मृत' असं भरून टाकलं. कॉम्प्युटरनं ते खरं मानलं. आता या भागातला पेशंट दिसला की तो सांगतो, फारसा उपयोग होणार नाही. दहातले चारच जण पाच वर्षं काढतील म्हणतो."

मनोहररावांनी चष्मा लावला आणि यादीवरून बोट फिरवलं. "हे मेले म्हणून सांगतलं कोनं?"

"कोणीच नाही. ते आले नाहीत, एवढंच."

"न येनं आन मरनं एकच झालं का?"

मग मृणालनं तिची खरी काळजी सांगितली. उद्या हा अंदाज दवाखान्यात वापरला गेला, तर एखाद्या डॉक्टरला वाटेल, पांढुर्ण्याकडच्या माणसाचं मोठं ऑपरेशन करून फायदा काय? चुकीच्या यादीपायी खरी माणसं मरतील.

मनोहररावांनी यादीची घडी घालून खिशात टाकली. "पाच महिने द्या मले," ते म्हणाले.

काम सोपं नव्हतं. त्यांना नागपूरला बोलावून दोन दिवस प्रशिक्षण दिलं, आणि माहिती भरायला एक टॅब दिला. कोणाच्या घरी आजाराचं नाव मोठ्यानं घ्यायचं नाही, आधी परवानगी विचारायची, नको म्हटलं तर उठून यायचं. मनोहररावांना यातलं काही नवं नव्हतं. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो उघडी पोस्टकार्डं वाटली होती आणि त्यातलं अक्षर कधी दुसऱ्याच्या कानी घातलं नव्हतं. गल्लीत कोणी विचारलं, "आता कोणाकडे हो, पोस्टमनभाऊ?" तर ते म्हणत, "जुनं काम आहे एक," आणि मोपेड पुढे काढत.

पहिल्या आठवड्यातच त्यांना कळून चुकलं की कागदावर माणूस किती प्रकारांनी हरवतो. कोणी नागपुरातल्या मेहुण्याचा पत्ता दिलेला. बहुतेक बायांच्या नावापुढे नवऱ्याचा फोन, आणि तो फोन कधीच बदललेला. एकाच माणसाचं नाव एका कागदावर हिंदी वळणानं, दुसऱ्यावर इंग्रजी, म्हणून कॉम्प्युटरनं त्याची दोन माणसं केलेली, एक जिवंत आणि एक मेलेला. सौंसरजवळच्या बोरगावात त्यांना यादीतला पहिला जिवंत माणूस सापडला. तो कारखान्याच्या गेटवर चौकीदारी करत होता, धडधाकट. त्यानं दवाखाना बदलला होता, दर वर्षी छिंदवाड्याला तपासून घेत होता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

सगळीकडे असं नव्हतं. स्टेशनमागच्या वस्तीत एका घरी दार उघडणाऱ्या बाईनं त्यांना ओळखलं. नवऱ्याचं नाव ऐकून ती आत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. सहा वर्षं झाली होती. ऑपरेशननंतर तो पुन्हा तंबाखू-सुपारीचा खर्रा खायला लागला, गाठ परत आली, आणि या वेळी तो दवाखान्यात जायला तयारच झाला नाही. मनोहरराव टॅबवर तारीख भरायला लागले तेव्हा ती म्हणाली, "नीट लिवा भाऊ. सतरा तारीख होती. लोक अठरा सांगतात, पन मी बाजूले होती." त्यांनी सतरा लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. मेलेल्या माणसाचाही कागद खरा पाहिजे, हे त्या दिवशी त्यांना जास्त पटलं.

यादीत एक्क्याऐंशीव्या क्रमांकावर होतं, 'इंदू सोमकुंवर, वय ४४, तिगाव, फोन बंद'. गालाचा कॅन्सर, नऊ वर्षांपूर्वीचं ऑपरेशन. तिगावात त्यांनी एका घरी विचारलं, दुसऱ्या घरी विचारलं. तिसऱ्या घरातली म्हातारी म्हणाली, "तिचा नवरा गेला ना. ते भावाकडं गेली, सौंसरच्या बाजूनं. संत्र्याच्या बगीच्यात असन."

दोन दिवस बगीचे पालथे घातल्यावर ती सापडली. झाडाखाली ताडपत्री अंथरलेली, संत्र्यांचा ढीग, आणि पाचसहा बाया मोठी फळं एकीकडे, बारीक एकीकडे करत बसलेल्या. त्यातल्या एकीचा डावा गाल आत ओढलेला होता, आणि सगळ्यांत जास्त तीच बोलत होती.

मनोहररावांनी तिला बाजूला बोलावून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग हसायला लागली. हसताना तोंड एका बाजूला जात होतं, पण तिला त्याचं काही नव्हतं.

"म्हंजे नऊ सालापासून मी मेली होती? आन मी इथं संत्रे निवडून राहिली."

"तपासाले काहून गेल्या नाही मंग?"

"डॉक्टर म्हने, आता बरं आहे. मले वाटलं, बरं आहे म्हंजे झालं. मंग मालक गेले, त्यांचाच फोन होता, तो बंद पडला. मले कोन सांगन का अजून येजो म्हनून?"

मनोहरराव निघाले तेव्हा ती जरा अडखळली. तीन आठवड्यांपासून त्याच गालाच्या आत काहीतरी टोचत होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. मनोहररावांनी तिथूनच मृणालला फोन लावला, आणि चौथ्या दिवशी स्वतः इंदूबाईंना गाडीत बसवून नागपूरला नेलं. तपासणीचा निकाल येईपर्यंतचे पाच दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. आपण हिला शोधलं ते हे ऐकवायला का, असं मनात येत राहिलं. निकाल आला. एका तुटक्या दाताची धार गालाला घासत होती. दात घासून गुळगुळीत केला, आणि इंदूबाई दुसऱ्या दिवशी ताडपत्रीवर हजर झाल्या.

पाच महिन्यांचे साडेपाच झाले. त्यानंतर मनोहरराव टॅब घेऊन नागपूरच्या बैठकीला गेले. लांब टेबल, दहाबारा डॉक्टर, समोर पडदा. प्रकल्पाचे प्रमुख डॉ. हेमंत मोजकं बोलणारे होते. सुरुवातीपासून त्यांचं मत असं, की हे दोनशे अकरा जण सरळ वगळावेत. गावोगाव फिरून काय हाती लागणार? मृणालनं आकडे पडद्यावर टाकले. एकशे अडतीस जिवंत. अठ्ठावन्न मृत, तारखेसकट. पंधरा सापडले नाहीत.

"एकशे अडतीस?" डॉ. हेमंत यांनी मनोहररावांना विचारलं. "खात्री आहे?"

"सगळ्यांच्या घरचा चहा पिऊन आलो, साहेब."

टेबलाभोवती हसू पसरलं. डॉ. हेमंतही हसले, आणि म्हणाले, "मग वगळायचा प्रश्नच नाही. सगळं पुन्हा शिकवा."

पण मनोहरराव खाली बसले नाहीत. त्यांना आणखी एक सांगायचं होतं. आजचे पेशंट पाच वर्षांनी पुन्हा हरवतील, ते म्हणाले, कारण तुमच्या फॉर्मवर फक्त पत्ता आणि फोन आहे. माणूस घर बदलतो, फोन बदलतो. पूर्वी पाकिटावर लोक 'मार्फत' लिहायचे. अमक्याच्या मार्फत तमक्याला. "तुमीबी तेच विचारा. हा माणूस घरी नसला तर कोणाले विचारायचं? दोन नावं घ्या. एक शेजारचं, एक माहेरचं नाई तं सासरचं. आन त्याले विचारूनच घ्या."

पुढच्या महिन्यात फॉर्मवर दोन नवे रकाने आले. मृणालनं त्यांचं नाव 'मार्फत'च ठेवलं.

कॉम्प्युटरला नवी माहिती शिकवायला तीन आठवडे लागले. मृणालनं फोन करून सांगितलं, की आता तो गावाच्या नावाला घाबरत नाही. गाठ कशी दिसते, किती खोल गेली, माणूस तपासायला येतो की नाही, याकडे पाहतो. जिथे दहातले चार म्हणायचा, तिथे आता सहा म्हणतो. "आणि काका, जे तपासायला येत राहतात त्यांच्यात आणखी जास्त. तेवढं तुम्ही लोकांना सांगाच."

सांगायची वेळ लवकरच आली. यंदा दिवाळी आटोपल्यावर मृणालनं पाठवलं म्हणून रवींद्र कळंबे दारात आले. सौंसरच्या शाळेत गणित शिकवणारे, पन्नाशीचे. जिभेच्या कडेला गाठ निघाली होती, ऑपरेशनची तारीख मिळाली होती, आणि ते जायला तयार नव्हते. घरचे रडत होते, नातेवाईक म्हणत होते, तिकडून कोणी परत येत नाही.

खुर्चीवर बसून त्यांनी सरळच विचारलं, "मेश्रामजी, तुम्ही एवढ्या लोकांना भेटून आले. मी वाचीन का?"

मनोहररावांनी घाई केली नाही. "मी डॉक्टर नाई, गुरुजी. तुमचं काय होईल ते मले सांगता येत नाई. पन कोणी परत येत नाई म्हनतात ना, ते खोटं आहे. एकशे अडतीस जनांशी मी सोता बोललो. आन जे गेले त्यांच्याबी घरी बसलो. उशीर केलेले त्यांच्यात जास्त होते."

नावं त्यांनी सांगितली नाहीत. ती सांगायची नसतात. पण इंदूबाईंनी मागेच बजावून ठेवलं होतं, कोणी घाबरलेला भेटला तर माझ्याकडं घेऊन या. तिला विचारून ते गुरुजींना बगीच्यात घेऊन गेले. इंदूबाईंनी त्यांना ताडपत्रीवर बसवलं, एक संत्रं सोलून हातात दिलं आणि तोंड उघडून आतली शिवण दाखवली. बाकीच्या बाया थांबून बघत होत्या.

"दुखलं का खूप?" गुरुजींनी विचारलं.

"दुखलं ना. खोटं काहून सांगू? दोन महिने पेजेवर होती. पन ते दोनच महिने होते, गुरुजी. त्याच्यावर नऊ सालं झाले."

गुरुजी ठरल्या तारखेला नागपूरला गेले. फॉर्म भरताना 'मार्फत'च्या रकान्यात त्यांनी एक नाव धाकट्या भावाचं दिलं आणि दुसरं मनोहर मेश्रामांचं. ऑपरेशन झालं. गाठ वेळेत निघाली होती, मानेत काही पसरलं नव्हतं. आता ते आठवीचे दोन तास घेतात. उच्चार थोडे बोबडे झालेत, म्हणून बोलतात कमी आणि फळ्यावर लिहितात जास्त. पोरं म्हणतात, आता गणित जास्त समजतं.

मनोहररावांकडे सध्या सौंसर तालुक्याची नवी यादी आहे. जुन्यातले पंधराही त्यांनी सोडलेले नाहीत. गेल्या मंगळवारी त्यातला एक सापडला. नाव बदलून नव्हे, गाव बदलून मुलताईकडे मुलीजवळ राहत होता. जिवंत होता, आणि पोस्टमन एवढ्या लांब आला म्हणून जेवल्याशिवाय सोडायला तयार नव्हता.