शनिवारची परात

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाला हसून बोलला तरी मला वाटतं, आज पाणी जरा जास्तच घातलं असेल यानं. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. पोरी माझ्यामागं मला सीआयडी म्हणतात, तेही मला माहीत आहे.

त्या हिवाळ्यात तर अख्खं गावच माझ्यासारखं झालं होतं. मोबाईलवरच्या कुठल्याशा स्टेटसवरून बाजारात दगडफेक झाली, दुकानं बंद, नेट बंद, चौकात पोलिसांची गाडी. नेट सुरू झालं तसे मेसेज फिरायला लागले. अमक्यांच्या दुकानातून घेऊ नका, तमक्यांच्या हातचं खाऊ नका. कॉलेजात पोरं आपापल्या घोळक्यात उभी राहायची आणि मी जवळून गेले की गप्प व्हायची. आता ही गप्प काहून झाली, या विचारात माझा अर्धा तास जायचा.

प्राचार्यांनी सलोखा समिती काढली आणि माझ्या गळ्यात मारली. भाषणांनी काही होत नाही हे मला पंधरा वर्षं शिकवून कळलं होतं. म्हणून मी शनिवारची परात सुरू केली. मुलींच्या वसतिगृहातली मोठी परात हॉलमध्ये सतरंजीवर ठेवायची, ज्यानं त्यानं डब्यातली भाजी तिच्यात आपल्या हातानं वाढायची, मधे भाकरींचा ढीग, आणि सगळ्यांनी त्याच परातीतून खायचं. तांड्यावरची पोरं, मोहल्ल्यातल्या पोरी, पाटलांची, सगळी. पहिल्या शनिवारी मीही मांडी घालून बसले. सोल्याची भाजी नेली होती, तुरीचे कोवळे दाणे ठेचून केलेली. माझ्या हातची मला आवडते, मी तीच पोटभर खाल्ली. फोटो निघाले. प्राचार्य म्हणाले, मॅडम, कमाल केली तुम्ही. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या शनिवारी एक पोर बसली नाही. बीए पहिल्या वर्षाची, झरीकडच्या जंगलातल्या गावची, वसतिगृहात राहणारी. म्हणाली, "मॅडम, मी शनिवार धरते."

माझे कान टवकारले. प्रवेशाचे फॉर्म मीच तपासले होते. आडनाव वाचलं की घर कळतं, जात कळते, हा माझा जुना गर्व. यांच्या घरी कोण कशाला शनिवार धरते, असं मी मनात म्हटलं. तिसऱ्या शनिवारीही तेच. चौथ्या शनिवारी मी पंगत सोडून उठले आणि वसतिगृहाच्या मागं गेले. उपवासाच्या बाई पाण्याच्या टाकीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर डबा, हातात ज्वारीची भाकर.

मी तशीच मागं फिरले. परत येऊन बसले. पण डोकं चालू झालं. ही खोटं बोलून राह्यली, म्हणजे हिला कोणीतरी शिकवलं. तमक्यांच्या हातचं खाऊ नका, तो मेसेज हिच्यापर्यंत पोचलेला दिसतो. वर्गात ती कोणाशी बोलते, फोन कोणाचा येतो, यावर मी दोन आठवडे पाळत ठेवली. काही सापडलं नाही, तर माझा संशय आणखीनच पक्का झाला. पक्की आहे पोरगी, म्हटलं.

तेवढ्यात प्राचार्यांनी सांगितलं, समितीला जे सहकार्य करत नाहीत त्यांना वसतिगृहात ठेवायचं नाही, नावं द्या. मी एकच नाव दिलं.

वसतिगृह सुटलं म्हणजे तिचं कॉलेज सुटलं. तिच्या गावाहून रोज येणं शक्यच नव्हतं, आणि इथं खोली घेऊन ठेवायला बाप तयार होणार नव्हता. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनच नाव दिलं.

दोन दिवसांनी ती नोटीस घेऊन स्टाफरूममध्ये आली. मी एकटीच होते.

"मॅडम, माह्यं नाव तुम्ही देलं का?"

"हो. उपवास म्हणतेस अन् मागं बसून भाकर खातेस. सगळ्यांत बसायले काय होते तुले? कोणी शिकवलं?"

"कोणीच नाही." ती नोटिशीची घडी घालत होती. "पहिल्या शनिवारी मी बसलती मॅडम. सोल्याचीच भाजी आणलती मीनं. तुमच्या पुढ्यातच वाढली. तुमची भाजी पल्याड होती, प्राचार्य सरांच्या बाजूले. तुम्ही हात लांब करून तिथूनच घेत होत्या."

मी म्हटलं, "मले माझ्या हातची..."

"तुम्ही नाही घेतली तं पोरीईनंही नाही घेतली. सगळं सरलं, माही भाजी तशीच राह्यली. परात मीच घासली त्या दिवशी. म्हटलं, मी नसली तं कोणाले काही वाटणार नाही. तुमचा कार्यक्रम चांगला होईल."

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रडली नाही.

मला सगळं आठवलं. पदर परातीत पडू नये म्हणून डाव्या हातानं धरला होता, इतकी वाकले होते मी. पुढ्यातली भाजी सोडून. तिनं डबा उघडला तेव्हा मी पाहिलं होतं, आणि आडनाव मला पाठ होतं. अख्ख्या गावावर पाळत ठेवणारी मी, माझा हात कुठं जातो हे मी पाहिलंच नव्हतं. मला माझी लाज वाटली, आणि तिचा रागही आला, हेही सांगते.

मी प्राचार्यांकडं गेले. ते म्हणाले, नोटीस निघाली मॅडम, आता कसं करणार. म्हटलं, मग दुसरी माझ्या नावाची काढा. काय घडलं ते कागदावर लिहून दिलं, खाली सही केली. त्यांनी तो दोनदा वाचला आणि नोटीस मागं घेतली. नंतर आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

पुढच्या शनिवारी ती आली. डबा घेऊन सरळ माझ्यासमोर बसली आणि भाजी वाढली, माझ्या पुढ्यात. मी भाकर मोडली, पहिला घास तिथूनच घेतला. मीठ थोडं कमी होतं. बाजूच्या दोघीतिघींनी हात घातला. मी तिच्याकडं पाहून हसले. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही. ती माझ्या हाताकडं पाहत होती, दुसरा घास कुठून घेते म्हणून.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. दर शनिवारी बसते, जेवते, पोरींशी हसते बोलते. आणि मी परातीत हात घातला की अजूनही तिची नजर हातावर येते.