खोतांच्या पडवीतलं पोस्ट

खंडेनवमीच्या सकाळी खोतांच्या तात्यांनी माझ्याकडे पोस्टाचा शिक्का मागितला. हातात घेतला नाही. म्हणाले, "तिथं पाटावर ठेव आणि खाली खळ्यात उभी राहा."

मी ठेवला. खळ्यात उतरले. खळ्यात वाडीवाडीची माणसं पूजेला आली होती. तात्यांच्या सुनेनं पितळेच्या वाटीतून गोमूत्र आणलं. तात्यांनी पळी भरून शिक्क्यावर ओतलं. मग शिक्का उलटा करून लाकडी मुठीवर ओतलं. जिथं माझी बोटं लागतात, नेमकं तिथं. मग वजनकाट्यावर शिंपडलं. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल, नारळ.

खंडेनवमीला हत्यारं पुजतात. कोयती, नांगर, आता मोटारसायकलही. खोतांच्या घरात पोस्टाचा शिक्का आणि काटा पुजायची जुनी रीत. मला वाटलं, गोमूत्रही त्या रितीतलंच असेल. बाजूला कुणबीवाडीतले बाबूआबा उभे होते. साधा माणूस, पोटात काही ठेवत नाही. सहज बोलून गेले, "तात्या पोस्टात व्हते तवा नुसता फूल ठेवायचे गो. ह्या मुताचा काम औंदाच."

कानशिलं तापली. औंदाच म्हणजे मी आले म्हणून.

तात्या वरून म्हणाले, "घे आता. लाग कामाला."

त्या दिवशी शिक्का ओलाच होता. प्रत्येक पाकिटावर तारीख फिसकटली. लोक विचारत होते, हे असं काळं काय झालंय? मी काय सांगणार होते? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मी या गावची सून. माहेर खेडचं, वडील एसटीच्या डेपोत. दहावीला चांगले मार्क होते. जागा निघाली, अर्ज भरला, गुणांवर निवड झाली. गाव म्हणालं, कोट्यातली. म्हणू दे. मार्कांचा कागद दाखवत दारोदार फिरायला मी काही देवीची परडी घेतलेली नाही.

माझ्याआधी तात्या पोस्टमास्तर होते. त्यांच्याआधी त्यांचे वडील. त्याआधी आजोबा. तात्यांचं एक वाक्य ठरलेलं. "साहेबाच्या राज्यापासून पोस्ट आमच्या घरात आहे." साहेब म्हणजे इंग्रज. कुणी एक गोरा कलेक्टर घोड्यावरून आला, खोतांच्या घरी शहाळं प्याला आणि पोस्ट देऊन गेला म्हणे. इंग्रज गेला. खोती गेली. कुळांच्या जमिनी कुळांना मिळाल्या. सुंभ जळला तरी पीळ काही जळत नाही. पडवीच्या टोकाची खोली, बाहेर राजमुकुटाची लोखंडी पेटी, एवढंच राज्य त्यांच्याकडे उरलं होतं.

आणि ते राज्य कसं होतं? कौलं फुटलेली. टेबलाला वाळवी. आढ्याला वटवाघळं, खाली त्यांची घाण. पेटी गंजून तिचं तोंड मिटलेलं, त्यात पत्र टाकायचं तर पत्राची घडी करावी लागायची. तात्यांनी वर्षानुवर्षं त्यात एक खिळा मारला नव्हता. मान मिरवायला खिळा लागत नाही.

मी लागले कामाला. मला घाण बघवत नाही, हा माझा स्वभाव. नवऱ्यानं मुंबईहून सुट्टीवर येऊन कौलं चाळली. मी जमीन खरवडली, भिंतींना चुन्याचा हात दिला, पेटी घासून लाल केली. दरवाजाबाहेर बाक टाकला, म्हाताऱ्या माणसांना उभं राहायला नको. टेबल नवं केलं. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "असं शाखा पोस्ट तालुक्यात नाही." तात्या लगेच पुढे झाले. "आमचं पोस्ट आहे ते."

तेव्हा मला हसू आलं होतं. म्हटलं, असू दे म्हाताऱ्याला बरं वाटतंय तर.

पायरी मात्र मला नव्हती. मी पडवीच्या मागच्या दारानं आत जायचं, जिथून गोठ्याचं शेण बाहेर काढतात. हे कुणी मला सांगितलं नाही. पहिल्या दिवशी तेच एक दार उघडं होतं, पुढचं आतून लावलेलं. दुसऱ्या दिवशीही तेच. हल्ली असंच असतं. तोंडानं कुणी काही बोलत नाही. कड्या बोलतात.

खंडेनवमीच्या संध्याकाळी मी सासूला सगळं सांगितलं. ती मासे साफ करत होती. तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "तुझा आजेसासरा टपालाची थैली आनायचा. रानातना, घुंगराची काठी घिऊन. वाघरू आडवा आला तरी थांबला नाय. खोताच्या दारात आला की थैली खाली दगडावर ठेवायचा नि मागं सरायचा. खोत तिच्यावर पानी मारायचा, मंग उचलायचा."

"मग तो काही बोलायचा नाही?"

"काय बोलनार? पाठ त्याची व्हती, थैली सायबाची व्हती."

मला त्या रात्री भाकरी गेली नाही. राग तात्यांचा आलाच, पण त्याहून जास्त माझा आला. मी त्या घराचं शेण काढायच्या दारातून जाऊन त्यांची खोली चकचकीत केली होती. त्यांचं पडकं राज्य मी हातानं लिंपून उभं केलं होतं. फुकट. वर त्यांनी माझी बोटं धुतली.

खात्याचा नियम सोपा आहे. शाखा पोस्टाला जागा पोस्टमास्तरनं द्यायची. स्वतःच्या घरात दिली तरी चालते. मी रीतसर कळवलं. साहेब आले, बौद्धवाडीतली आमची पडवी बघितली, मोबाइलची रेंज बघितली, मंजूर म्हणाले. टेबल आणि बाक माझे होते, ते उचलले. शिक्का, काटा, पेटी खात्याची, तीही उचलली. पेटी काढताना तात्या पायरीवर उभे होते. धोतराचा सोगा मुठीत धरलेला. ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "पोस्ट नेशील. वाट कुठून नेशील?"

मला तेव्हा अर्थ कळला नाही. सासूला कळला. ती त्या दिवसापासून नीट जेवली नाही.

एसटीच्या थांब्यावरून बौद्धवाडीत यायची वाट खोतांच्या आंब्याच्या कलमांतून येते. पिढ्यान्‌पिढ्या सगळं गाव त्याच वाटेनं चालतं. दुसरी वाट डोंगराला वळसा घालून, ओढ्यातून, म्हणजे आमच्या पऱ्यातून, मोठाल्या दगडांवरून. तिथून म्हातारं माणूस येणार नाही.

सुरुवातीला लोक आले. बाबूआबा पहिले. बाकावर बसून पाणी प्याले. मराठ्यांच्या वाडीतल्या दोन बायका आल्या, पाणी नको म्हणाल्या, पण बसल्या. मला वाटलं, जमलं.

मग कलमं मोहोरली. फवारणी सुरू झाली. फवारणी दरवर्षी होते, त्यात नवीन काही नाही. पण औंदा दोन परके गडी आले होते, तोंडाला फडकी बांधलेले. मी एसटीवर टपालाची थैली न्यायला-आणायला वाटेनं निघाले की त्यांचा पंप माझ्या बाजूचं झाड धरायचा. अंगावर तो कडवट धुरळा यायचा. डोळे चुरचुरायचे. मी बघितलं की ते दुसरीकडे बघायचे. एके दिवशी त्यांच्यातला एक माझ्या मागून थांब्यापर्यंत चालत आला आणि तसाच परत गेला. त्याला थांब्यावर काही काम नव्हतं.

आणि एका सकाळी वाटेच्या तोंडाशी वई, म्हणजे कुंपण, घातलेली. करवंदीची नि बोरीची काटेरी वई, माणसाच्या छातीएवढी. त्यावर पाटी. "विषारी औषध फवारले आहे. आत येऊ नये."

त्या दिवशी पोस्टात कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी पऱ्यातून थैली आणली, गुडघा फोडून घेतला, पडवी उघडून बसले. समोर रिकामा बाक. सरपंचांकडे गेले. ते मोबाइल बघत म्हणाले, "बाई, बाग त्यांची आहे. मोहोर झाला की काढतील. मी मधे पडत नाही." मग जरा मान वर करून, जवळ येऊन म्हणाले, "पोस्ट परत नेऊन ठेवा ना तात्यांकडे. सगळं लगेच मिटेल."

तेव्हा सगळं स्वच्छ दिसलं. पोस्ट चालत नाही अशी गावातून तक्रार जाणार. जागा गैरसोयीची ठरणार. पोस्ट पुन्हा पडवीत जाणार, आणि मी शेणाच्या दारातून आत. नाहीतर नोकरी सोडून घरी. दोन्हींत तात्यांचीच सरशी.

सासू म्हणाली, "नको जाव गो त्या वाटेनी. त्यांची मानसा बरी नाईत. तुझा नवरा हतं नाय." ती रडत होती. मलाही भीती वाटत होती. खोटं कशाला सांगू?

मी तहसीलदाराकडे वाटेचा अर्ज दिला. पोलीस पाटलाला तोंडी सांगितलं. मग सकाळी थैली खांद्याला लावली आणि भिंतीवरची कोयती घेतली.

वई तोडायला वेळ लागतो. काटे हातात घुसतात. मी पाटी काढून बाजूला झाडाला टेकवून ठेवली, मोडली नाही. पाटी त्यांची आहे. वाट त्यांची नाही. पंपवाले गडी काम थांबवून उभे राहिले. एकानं फोन लावला. तात्यांचा मुलगा मोटारसायकलवर आला. माझ्याच वयाचा. शाळेत असताना माझ्या नवऱ्याच्या बाकावर बसायचा म्हणे.

तो उतरला नाही. गाडी चालूच ठेवली. म्हणाला, "एकटी आहेस. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"किती दिवस तोडशील?"

"तुम्ही घालाल तितके."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हातातल्या कोयतीकडे. मग गाडी वळवून गेला.

दुसऱ्या दिवशी वई पुन्हा होती. आणखी जाड, आत तार गुंतवलेली. मी घरी जाऊन पक्कड घेऊन आले. त्याच्या पुढच्या दिवशी वाटेत मेलेली धामण टाकलेली. काठीनं बाजूला केली. बाबूआबा त्या दिवशी माझ्या मागोमाग आले, पोस्टात. बाकीचे अजून कुंपणापलीकडून बघतायत, काय होतं ते.

अर्जाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. काय लागेल मला माहीत नाही. त्याआधी माझं काही बरंवाईट झालं तर कुणी केलं, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि मी ते पोलीस ठाण्यातही सांगून ठेवलंय.

पोस्ट त्या पडवीत परत जाणार नाही. रोज सकाळी एसटी येते, मी थैली घेते, त्याच वाटेनं निघते. वई नसेल तर चालत येते. असेल तर तोडते.