कळ आणि कल

तुम्ही नातवंडं मला विचारता, गोंदियात राहून आजीला इंग्रजीचा काय उपयोग झाला? एकदा झाला.

चालताना माझ्या छातीत दुखायचं. दुखण्याच्या वेळा कागदावर लिहून मी डॉक्टरकडे गेले. हिंदीच बोलणाऱ्या त्या माणसाने कागद उघडलाही नाही. "छातीत कळ येते," म्हटलं, तर हसला. "कल? तो कल आना, माताजी! गैस है, और कुछ नहीं." गोळ्या लिहून त्याने घंटी वाजवली.

पुढचा नंबर दवनीवाडा गावच्या एका बाईचा. तिचं दुखणं तेच, गोळीही तीच. बाहेर येऊन ती मला म्हणाली, "काऊन वं बाई, हा आयकूनच नाही घेत?"

मी तडक आत गेले आणि उभ्यानेच तो कागद इंग्रजीत वाचून दाखवला. आता मी 'मॅडम' झाले. लगेच ईसीजी काढला, हृदयाचा दोष सापडला, उपचार झाले.

दुखणं मघाचंच होतं, फक्त भाषा बदलली होती.

त्या दिवशी ईसीजी काढून बाहेर आले तेव्हा ती बाई गोळ्या घेऊन निघून गेली होती. तिच्यासाठी दोन वाक्यं इंग्रजीत बोलावीत, हे मला आत असताना सुचलंच नाही.