भांडगावच्या मामांना ऐकू आलेलं विमान

तारीख ११ नोव्हेंबर १९९८, बुधवार. ठिकाण लोहगाव विमानतळ. प्रवासी सतरा, उशीर बेचाळीस मिनिटं. विमानापाशी हजर तिघं — मी, कॅप्टन आणि इंजिनीअर. आकडे आधीच देऊन ठेवतो, कारण पुढचं सांगताना माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणारा माणूस मी. आजही तसाच आहे.

तेव्हा मी एका छोट्या विमान कंपनीत को-पायलट होतो. दोन पंख्यांचं, अठरा सीटचं विमान, पुणे ते हैदराबाद. राहायला शिरूरला. पुढच्याच आठवड्यात माझी कॅप्टनपदाची परीक्षा होती आणि शिफारस याच कॅप्टनसाहेबांनी करायची होती. सात वर्षं मी त्यासाठी थांबलो होतो.

आदल्या दिवशी, मंगळवारी, मला सुट्टी होती. सकाळी सव्वादहाच्या सुमारास घरचा फोन वाजला. भांडगावचे मामा, एसटीडी बूथवरून. मामांची चाळीस मेंढरं. कुठलं मेंढरू लंगडतंय ते गळ्यातल्या घंटीवरून, पाठमोरे बसून सांगायचे. आमचं विमान भांडगाववरूनच जायचं, त्याचाही आवाज त्यांना पाठ होता.

"भाचेबुवा, बरा हाईस न्हवं?"

"मला काय झालंय मामा?"

"मघाशी आठच्या टायमाला तू वरनं गेलास. डावा पंखा मुका व्हता. येकाच घंटीवर चाललं व्हतं इमान."

"अहो, मी घरी आहे! आणि आज आमचं विमान उडालंच नाही. हँगरमध्ये आहे."

"मग ते कुणाचं व्हतं?"

"ते मला काय माहीत? आणि डावा की उजवा, हे खालून कसं कळलं?"

"मेंढराचा पाय कळतो तसंच. आता तुला शिकवत बसू व्हय?"

मला रागच आला. माझी नोकरी मामांना पहिल्यापासून नापसंत. "आभाळात काय चरायला जातोस?" असं चारचौघांत विचारायचे. वाटलं, परीक्षा जवळ आली म्हणून ही नवी युक्ती… तरी दुपारी लोहगावच्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं. त्या वेळी त्या बाजूला दोन पंख्यांचं एकही विमान गेलं नव्हतं.

बुधवारी आमची निघायची वेळ सात पन्नास. म्हणजे भांडगाववर बरोबर आठ. हा हिशोब मला सुचला तो विमानाजवळ उभा असताना.

"सर, डावं इंजिन एकदा उघडून बघायला हवं."

"का? काही दिसलं?"

"नाही."

"मग?"

सांगणार काय? म्हटलं, "बघितल्याशिवाय मी बसणार नाही."

"पुढच्या आठवड्यात कॅप्टन व्हायचंय ना तुला?" एवढंच म्हणाले ते.

इंजिनीअर वैतागला. "साडेसहाला मी स्वतः ऑइल घातलंय साहेब. स्वप्नबिप्न पडलं का?" बडबडत त्याने इंजिनवरचं कव्हर उघडलं. ऑइलच्या टाकीच्या तोंडावर झाकण नुसतं ठेवलेलं होतं. खिट्टी लावलेलीच नव्हती. वर गेल्यावर ऑइल बाहेर आणि इंजिन बंद…

कॅप्टनसाहेब झाकणाकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"तुला कसं कळलं?"

"मामांनी सांगितलं."

"ते इथे कामाला आहेत?"

"मेंढरं राखतात."

झालं. संशय माझ्यावर — नाव व्हावं म्हणून झाकण मीच सैल केलं आणि मीच पकडलं. शिफारस थांबली, चौकशी बसली. वाचलो ते गेटवरच्या वहीमुळे. माझी नोंद सात पाचची होती, आणि तिथून पुढे मी कॅप्टनसाहेबांची पाठ सोडली नव्हती. तरी कॅप्टनपद आठ महिने लांबलं.

माझा संशय मात्र मामांवर. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार… पण काय सांगणार? झाकण चुकलं बुधवारी साडेसहाला, आणि फोन मंगळवारचा! वाराची गफलत माझीच तर होत नाही ना, म्हणून रविवारी भांडगाव गाठलं.

"मामा, खरं सांगा. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मेंढीनं! आरं, ऐकलं ते सांगितलं. पोलिसावानी वही घिऊन काय बसलायस?"

"बरं, बुधवारी काय ऐकलंत?"

"बुधवारी दोनी घंट्या वाजल्या. उशिरा वाजल्या, पन वाजल्या."

मग मंगळवारी त्यांनी ऐकलं ते विमान कुठलं? जे तसं कधी उडालंच नाही, ते? नऊ वर्षं झाली, मामा आता नाहीत. पक्की अशी एकच गोष्ट हाती लागली, ती त्या रविवारी परत निघताना, एसटीडी बूथवर. बूथवाल्याने खिळ्याला अडकवलेली मशीनची चिठ्ठी काढून दिली. १० नोव्हेंबर, सकाळी दहा चौदा, माझा शिरूरचा नंबर.

"पैसे राहिलेत," तो म्हणाला. "मामा म्हणले, भाचा यील इचारायला, त्याच्याकडनं घे."

अकरा रुपये साठ पैसे. बूथवाल्याला मोजून दिले.